घोड्याच्या पोटाखालचा डाग

सदाशिव पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप अनंतकाकांना,

साष्टांग नमस्कार. गुडघ्याने संप पुकारल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पूर्ण धरावा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र.

भाऊबीजेला तुम्ही माझ्याकडे दिलेली आमोदची गिनी मी भिंगाखाली तीनदा पाहिली. निवृत्त झालात तरी तुमची नजर अजून साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतलीच आहे. डाग आहे. त्यावरच्या घोड्याच्या पोटाखाली, मोहरीहून लहान, तांबूस, कडेला जरा काळपट. तपासणीत सत्तरपैकी सत्तर गुण मिळवलेल्या नाण्याने असं वागावं, म्हणजे बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाने सत्काराला शर्टावर चहा सांडून यावं तसं झालं.

कारण सांगतो. गिनी नव्या काळातली असली तरी बावीस कॅरेटची. बारा भागांत एक भाग तांबं. सोन्याला काही होत नाही, तांब्याला होतं. मिश्रण नीट मिसळलं नाही, की एखाद्या ठिकाणी तांबं जास्त राहतं आणि काही वर्षांनी दमट हवेने लाल पडतं. सगळं नाणं सावकाश, सारखं तांबूस झालं तर 'रंग चढला' म्हणतात आणि शौकीन लोक त्यावर जीव टाकतात. एकाच ठिकाणी झालं तर 'डाग' म्हणतात आणि तोंड फिरवतात. माणसांच्या बाबतीत आपल्या पेठेतही हाच नियम आहे.

परदेशी कंपनीने तपासून, गुण देऊन, ज्या प्लॅस्टिकच्या डबीत नाणं कायमचं बंद केलं, ती डबी फोडली की गुण गेले. तेव्हा लक्ष्मीपूजनाला तुम्ही डबीवरूनच हळदकुंकू वाहिलंत हे उत्तम. खाचेतलं कुंकू मी टाचणीने काढलं आहे. देवी रागावली तर तुमचं नाव सांगेन.

आता दुसरं. परवा फौजदार तनुजाबाईंचा मला फोन आला. ताम्हिणीच्या दरीत सापडलेल्या अस्थींसाठी त्यांनी तुम्हाला दोनदा बोलावलं, तुम्ही गेला नाहीत. शेवटी त्या मांजरीला तुमच्या घरी आल्या. "तुमचे काका चहा देतात, बसवतात आणि पावसाबद्दल बोलतात," म्हणाल्या. काका, तुमचा आमोद हिंजवडीच्या खोलीतून बाहेर पडला तो परतलाच नाही, त्याला सव्वा वर्ष झालं. मोटारसायकल त्याच घाटात सापडली होती. अस्थी त्याच्या आहेत की नाहीत हे तुमच्या थेंबभर रक्ताने कळणार आहे. कुसुमकाकू गेल्या, त्याला भावंड नाही; दुसऱ्या कुणाच्या रक्ताने इतकं पक्कं कळणार नाही. जाऊन या. म्हणाल तर मी बरोबर येतो.

आपला,
शौनक

*

मांजरी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. शौनकला आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे विनोद वगळूनही एक पान उरलं, ही प्रगती आहे.

मिश्रणाचं कारण मला पटत नाही. टांकसाळीतले लोक आमच्या कारखान्यातल्यांपेक्षा बरे ढवळत असावेत. बंद करण्याआधी नाण्यावर काही पडलं असेल का? आमच्याकडे नमुन्याच्या बशीवर बोलायला बंदी होती. बोललं की थुंकी उडते आणि नमुना वाया जातो.

आमोदने ती गिनी गुण मिळवायला परदेशी पाठवण्याआधी, दिवाळीत, इथे ओट्याजवळ उभं राहून मला दाखवली होती. उघडी, तळहातावर. बराच वेळ बोलत होता. ऑफिस, साहेब, ती सलोनी, तिचं लग्न दुसरीकडे ठरलं ते. एवढं तो कधी बोलायचा नाही. मी मान खाली घालून नाण्याकडेच बघत राहिलो, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर तो थांबला असता.

तर प्रश्न असा. त्याची थुंकी उडाली असेल तर इतक्या वर्षांनी डाग पडेल का? आणि त्या डागात ती उरते का? नीट विचारून कळव.

गिनी तुझ्याकडेच असू दे. मी सांगेपर्यंत डबी उघडू नकोस. इथे त्याचं काही राहिलेलं नाही. घरमालकाने सामान दिलं ते मी धुऊन, इस्त्री करून आश्रमाला दिलं. लॅपटॉप कंपनीने नेला. खोलीला नवा रंग लागून तिथे दुसरा भाडेकरू आला. ती गिनी तेवढी आहे.

अनंतकाका

ता. क. पावसाबद्दल बोललो, कारण अवकाळी पडत होता.

*

सदाशिव पेठ
५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप काकांना नमस्कार.

तुमच्या प्रश्नासाठी थेट उत्तरेश्वरांना गाठलं. हे लातूरकडचे, नाण्यांचा व्यापार करतात आणि आमच्या नाणेमंडळातले एकमेव व्यवहारी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "सर, तुमच्या काकांचं बरोबर हाय. निम्मे डाग बोलण्याचेच असतात." उघड्या नाण्यावर तोंड उघडू नये हा आमचा पहिला नियम आहे. महिन्याच्या बैठकीत पंधरा पुणेकर एका टेबलाभोवती तासभर गप्प बसतात. या शहरात असं दुसरीकडे कुठे घडत नसावं.

थुंकीचा थेंब दिसतही नाही. तो वाळतो, त्यातले क्षार राहतात आणि डबीत बंद होऊन सावकाश तांब्याला खातात. तेव्हा हो, तो डाग आमोदच्या बोलण्याचा असू शकतो. टांकसाळीतल्या एखाद्या बडबड्या इंग्रजाचाही असू शकतो, पण ती जमात दुर्मीळ.

डाग घरी काढू नये. सोनाराकडचं रिठ्याचं पाणी, चिंच, मऊ ब्रश, सगळ्याने चरे पडतात आणि डागापेक्षा चरा वाईट. कंपनी स्वतः डबी उघडून, रसायनाने डाग काढून, पुन्हा गुण देऊन बंद करून देते. घाई नाही. डबी माझ्या कपाटात व्याकरणाच्या ग्रंथांमागे आहे. तिथे चोर सोडा, माझे विद्यार्थीही जात नाहीत.

काका, आता रागावू नका. डागावर तुम्ही पानभर लिहिता, रक्तावर एक ओळ नाही. तुम्हाला उत्तराची भीती वाटते हे मला कळतं. मलाही वाटते. पण त्या अस्थी पोलिसांकडे एका खोक्यात, वर क्रमांक लावून ठेवल्या आहेत. त्या आमोदच्या असतील तर त्याला तिथे राहू द्यायचं? नसतील तर दुसऱ्या कुणाच्या घरी कुणीतरी दाराकडे बघत बसलं असेल. तुम्ही डागाआड लपू नका. तुम्हाला ते शोभत नाही.

रिक्षाचं भाडं मी देईन. यावरून प्रसंगाचं गांभीर्य तुमच्या लक्षात यावं.

शौनक

*

मांजरी
२१ डिसेंबर २०२४

चि. शौनक,

रक्त दिलं. एकटाच गेलो होतो. तनुजाबाई भल्या आहेत, "दुखलं का आजोबा?" म्हणाल्या. त्यांनी विचारलं, बेपत्ता इसमाशी नातं? मी म्हटलं, वडील. त्यांनी लिहून घेतलं. उत्तराला वेळ लागेल म्हणतात.

डाग वाढला का? आणि डागातून माणूस ओळखता येतो का, हे कुणा जाणकाराला विचारशील का? उत्तरेश्वरांना नव्हे, डॉक्टरला.

अनंतकाका

*

सदाशिव पेठ
२० मार्च २०२५, दुपार

काका!

मायना नंतर लिहीन. तनुजाबाईंचा आत्ता फोन येऊन गेला. जुळत नाही! अहवालात स्वच्छ लिहिलं आहे की त्या अस्थी आणि तुम्ही, यांत बापलेकाचं नातं संभवत नाही. दरीतला तो माणूस आमोद नव्हे!

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे अनुमान मी तीस वर्षं मुलांना शिकवतो आणि तीस वर्षं मुलं जांभया देतात. आज पहिल्यांदा मला त्या शास्त्राचा उपयोग झाला. रक्त तुमचं, अस्थींचं जुळत नाही, म्हणून तो आमोद नाही. कुठे फट नाही. शिकवणीतल्या मुलांना मी पेढे वाटले. कारण सांगितलं नाही. मधेच लक्षात आलं की कुणीतरी मेलेलंच आहे आणि मी पेढे वाटतो आहे. हात थांबला, पण क्षणभरच. माझ्यातल्या सज्जनपणाची लांबी मला कळली.

तुम्ही इतके महिने पत्र पाठवलं नाहीत. मी समजून होतो. डिसेंबरात तुम्ही विचारलंत ना, डागातून माणूस ओळखता येतो का? ते वाचून मला गलबलून आलं. तुम्ही त्या ठिपक्यात आमोदला शोधत होतात. अशा शोधातून माणूस बाहेर येत नाही. मी बघितली आहेत अशी माणसं. म्हणून डॉक्टर वगैरे कुणाला विचारलं नाही. जानेवारीत उत्तरेश्वर मुंबईला निघाले होते, त्यांच्याबरोबर गिनी कंपनीकडे रवाना केली. उघडू नकोस अशी तुमची आज्ञा होती. मी उघडली नाही, कंपनीने उघडली. आज्ञेतलं एक अक्षरही मोडलेलं नाही.

काल ती परत आली. डाग नावालाही नाही. पुन्हा सत्तरपैकी सत्तर! मी भिंग घेऊन शोधला, मग उत्तरेश्वरांनी शोधला. घोड्याचं पोट आरशासारखं आहे. आमोद आला की त्याच्या हातावर तुम्हीच ठेवा. रविवारी श्रीखंड घेऊन येतो.

तुमचा,
शौनक

*

मांजरी
२० मार्च २०२५, रात्री जेवणाआधी

चि. शौनक,

शेजारच्या रुपालीच्या फोनवर तनुजाबाईंनी कळवलं. तुझं आनंदाचं पत्र वाटेत असेल, म्हणून ते यायच्या आत हे लिहितो.

आमोद आमच्या पोटचा नव्हता. मी कारखान्यावर होतो तेव्हा तिकडच्याच एका अनाथालयातून आम्ही त्याला आणला. अडीच महिन्यांचा. नावही नव्हतं, ते कुसुमने ठेवलं. पुण्याला आलो तेव्हा तो चालत होता. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्यालाही नाही. कुसुमने शेवटच्या दुखण्यात ते वचन माझ्याकडून पुन्हा घेतलं.

तेव्हा माझं रक्त जुळणारच नव्हतं. त्या अस्थी त्याच्या असोत किंवा नसोत, उत्तर हेच येणार होतं. म्हणून मी जात नव्हतो. मग गेलो. तू पत्रात टोचलंस म्हणून नव्हे, ते मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या मनात आलं, अहवाल 'तो आमोद नाही' म्हणेल, लोकही तेच म्हणतील, मग हळूहळू मीही म्हणू लागेन. आज रुपालीने माझ्या हातावर साखर ठेवली, "आजोबा, दादा जिवंत हाय!" म्हणून रडली. मी ती साखर खाल्ली. तेव्हाच कळलं, मला हे जमणार नाही.

त्याच्या स्वतःच्या देहाचं काहीतरी हवं. एक केस चालला असता. पण मी स्वच्छतेचा किडा. कपडे उकळून दिले, कंगवा सोड्याने धुतला, उशीचा कापूस पिंजून घेतला. पोलिसांनी विचारलं तेव्हा घरात त्याचं काही नव्हतं. मग डाग दिसला. मी तुला कारण न सांगता प्रश्न विचारत राहिलो, कारण सांगायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं.

उद्या तनुजाबाईंकडे जाऊन खरं सांगतो. डागातून काही निघेल असं मला फारसं वाटत नाही, पण मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलं आहे. नमुना आहे तोवर तपासायचा. तू सोमवारी गिनी घेऊन ये. डबी त्यांच्यासमोर फोडू. गुण गेले तर जाऊ देत.

काका

*

सदाशिव पेठ
२२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप काकांना,

हे पत्र तुमच्या दाराखालून आत सरकवतो आहे. बेल वाजवायचा धीर नाही.

एव्हाना माझं वीस तारखेचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. ते परत घ्यायला मी पोस्टात गेलो होतो. "पेटीत पडलं की ते पत्र तुमचं राहत नाही," असं खिडकीतून सांगण्यात आलं.

डाग नाही, काका. मी उत्तरेश्वरांना विचारलं, काढलेलं काही कंपनी राखून ठेवते का. ते म्हणाले, "सर, ते धुण्यातच जातं." नंतर मी न्यायवैद्यकातल्या एका ओळखीच्या डॉक्टरबाईंना विचारलं. तुम्ही डिसेंबरात विचारायला सांगितलं होतंत, मी मार्चमध्ये विचारलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं तांब्यावर वाळलेल्या थेंबातून बहुधा काहीच मिळालं नसतं. तो 'बहुधा' घट्ट धरून मी घरापर्यंत आलो. जिना चढताना तो सुटला.

माझ्या अनुमानात कुठे फट नव्हती. ज्याच्यावर ते उभं होतं, तेच खोटं होतं. आणि आधी तेच तपासायचं असतं, हा पहिला धडा मी दर जूनमध्ये शिकवतो. तुम्ही डागाचं विचारत होतात तेव्हा आमोदचंच विचारत होतात. मी तुम्हाला वर उपदेश केला, शोभत नाही म्हणून.

तुम्ही मला 'उघडू नकोस' म्हणालात. त्यातली पळवाट शोधून मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

सोमवारी पोलीस ठाण्याच्या बाहेर उभा राहीन. आत बोलवा किंवा बोलवू नका. हवं ते बोला, पण बोला.

शौनक

*

मांजरी
९ एप्रिल २०२५

चि. शौनकला आशीर्वाद.

त्या सोमवारी तू फाटकाशी दोन तास उभा होतास. मी मागच्या दाराने निघून गेलो. मुद्दाम. राग अजून आहे, पण त्याच्यासाठी वेळ काढता येत नाही, इतक्या खेपा घालतो आहे. तेव्हा त्याबद्दल एवढंच.

गिनी विकून टाक. कुणाला विकलीस ते मला सांगू नकोस. ती फार स्वच्छ आहे, मला बघवणार नाही.

तनुजाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. 'जुळत नाही'च्या जागी 'ठरवता येत नाही' असं करून घ्यायला त्यांनी वर लिहिलं. अनाथालय कधीच बंद पडलंय. जन्म देणारीचं नाव तिथे कुणी घेतलंच नव्हतं. दातांवरून म्हणावं तर खालचा जबडा दरीत मिळाला नाही आणि आमोद दातांच्या डॉक्टरकडे कधी गेला नाही. त्या म्हणाल्या, "आजोबा, आता हे कागदावर कधीच ठरणार नाही."

मी विचारलं, "मग त्या अस्थींचं काय?"

"बेवारस म्हणून विल्हेवाट लागते." हे त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

"बेवारसाला अग्नी द्यायला कुणीही परवानगी मागू शकतो ना?"

"मागू शकतो. पण आजोबा, तो तुमचा मुलगा नसला तर?"

मी म्हटलं, "अडीच महिन्यांचा घरी आणला, तेव्हाही नव्हता."

त्यांनी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. एक हाड ते ठेवून घेणार आहेत, पुढेमागे दुसरं कुणी विचारत आलं तर. ते योग्यच आहे. बाकीचं रविवारी सकाळी माझ्या ताब्यात मिळेल. तिथून वैकुंठ स्मशानभूमी.

विधी तू सांगायचेस. तू पुरोहित नाहीस हे मला माहीत आहे, पण मंत्र तुला येतात. दुसरे गुरुजी नाव-गोत्र विचारतील, मृत्यू कधी झाला विचारतील आणि मग नक्की तोच का, असंही विचारतील. तू विचारणार नाहीस, तेवढं तू माझं लागतोस.

गोत्र आपलंच. नाव ठेवायला कुसुम नाही, तेव्हा ते मीच ठेवलं आहे: आमोद अनंत. मंत्रात हेच घे, अडखळू नकोस. उद्या तो जिवंत दारात उभा राहिला तर सांगेन, बाबा रे, तुझं नाव मी एका माणसाला दिलं, त्याला कुणी नव्हतं. त्याला राग यायचा नाही. आणि तो परत आलाच नाही, तर ज्याचं होतं त्यालाच दिलं.

अनंतकाका